या चुका टाळा: एडीएचडी असताना बजेट तिसऱ्या आठवड्यात का कोलमडतं

हिशेबाची वही. पहिली अकरा पानं सुबक, बारावं अर्धवट, पुढे सगळी कोरी. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं वेळेवर आठवणं जड करणारी मेंदूची ठेवण, असलेल्यांच्या घरात अशी एक तरी वही निघतेच, आणि खापर मालकाच्या आळसावर फुटतं. मुळात ती वही रोज आठवणीने भरावी लागते, आणि तेवढं एकच काम या मेंदूला जड जातं. त्यामुळे 'लक्षात ठेवीन' या भरवशावर उभी असलेली कुठलीही पद्धत इथे बाद समजा. पुढच्या बहुतेक चुका त्याच भरवशातून येतात.

मूल्यं निबंधासारखी लिहिणं

'तुमच्यासाठी महत्त्वाचं काय?' असं विचारलं की सगळे एकच उत्तर देतात: कुटुंब, आरोग्य, शिक्षण. दहावीच्या निबंधात हे शोभतं. बँकेच्या स्टेटमेंटवर 'कुटुंब' नावाची नोंद कधी येत नाही. तिथे येतं ते 'महिन्यातून दोनदा आईकडे, प्रवास आणि तिच्यासाठी नेलेलं सामान मिळून १,८००'. मूल्य असंच लिहा: काय करणार, किती वेळा, किती रुपयांत. रक्कम लिहिता येत नसेल तर ती इच्छा आहे, बजेटमध्ये तिला जागा नको.

आणि ते मनातून काढू नका, स्टेटमेंटमधून काढा. मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट कागदावर छापून घ्या. फोनवर वाचायला बसलात तर चौथ्या मिनिटाला भलतंच काहीतरी बघत असाल. हातात हिरवं पेन, प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न: हा खर्च पुन्हा केला असता का? 'हो' असेल तर खूण, नसेल तर पुढे. विभागणी, बेरीज, टक्केवारी काही नको. चाळीस मिनिटांत संपतं. ज्या खर्चाबद्दल मनाला टोचणी असते त्यावरच कित्येकदा हिरवी खूण पडते, नाटकाचं तिकीट किंवा मित्रांबरोबरचा शनिवार. तो कापू नका. चहा बंद करून श्रीमंत होण्याचा खेळ नवशिक्यांना फार आवडतो, पण त्यातून महिन्याला जे सुटतं ते रात्री अकराच्या एका पार्सलमध्ये जातं.

त्या पार्सलवर खूण पडत नाही, तरी ते दर आठवड्याला येतं. कामात डोकं घातलं, जेवायचं विसरलं, मग भूक एकदम अंगावर आली. ही अडचण स्वयंपाकघराची आहे, ती तिथेच सोडवा. अंडी, दही, भिजवून लगेच करता येतील असे पोहे घरात कायम ठेवा.

तेवीस रकाने

एक्सेलमध्ये रंगीत रकाने करणं हा छंद आहे, बजेट नव्हे. नवीन ॲपचंही तेच: पहिले पंधरा दिवस नवलाई, मग तो फोनवरचा आणखी एक चौकोन. रोज बघायला एकच आकडा असावा, 'या आठवड्यात किती उरले?'

५२,००० पगार धरू. भाडं, बिलं, हप्ते, एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक काळाने जाणारी रक्कम), विमा मिळून २७,०००. हिरव्या खुणांमधून निघालेली मूल्यं ७,०००. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी ५,०००. उरले १३,०००, म्हणजे आठवड्याला ३,०००. डॉक्टर, औषधं, थेरपी हे पहिल्या २७ हजारांत धरा. कात्री लावायची वेळ आली की लोक आधी तिथेच लावतात, आणि मग बाकीचं सगळंच घसरतं.

आता मांडणी. पगाराच्या खात्यातून भाडं, हप्ते, बिलं आपोआप जातील असं लावा. दुसऱ्या एका बचत खात्यात दर सोमवारी ३,००० जातील अशी कायमची सूचना (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन) नेटबँकिंगमध्ये द्या. यूपीआय फक्त या दुसऱ्या खात्याला जोडा आणि पगाराचं खातं यूपीआयमधून काढून टाका. ही पायरी बहुतेक जण गाळतात, 'अडीनडीला असू दे' म्हणून, आणि पहिली अडीनडी बुधवारी येते. सोमवारच का? शुक्रवारी आलेले पैसे रविवारपर्यंत टिकत नाहीत. पाच सोमवारांच्या महिन्यात १५,००० लागतात, म्हणून सुरुवातीला पगाराच्या खात्यात २,००० जादा ठेवा. चार सोमवारांच्या महिन्यात १,००० शिल्लक राहतात, त्यातून ही उशी पुन्हा भरते.

यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चांसाठीचं यूपीआयमधलं पाकीट, वापरत असाल तर त्यात खात्यातून आपोआप पैसे भरले जाण्याची सोय (ऑटो टॉप-अप) बंद ठेवा. पिन लागत नाही आणि प्रत्येक खर्च पासबुकात वेगळा दिसत नाही, त्यामुळे पैसे कुठे गेले ते कळायला मार्ग राहत नाही.

क्रेडिट कार्डाचं बिल 'ऑटो'वर टाकलं, पण कुठल्या ऑटोवर?

हे प्रकरण इतक्यांदा त्याच क्रमाने घडतं की आता चीड येते. बिल विसरलं, दंड बसला, म्हणून माणूस शहाणपणाने ऑटो-डेबिट लावतो. अर्जात दोन पर्याय असतात, पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. घाईत किमान निवडली जाते, कारण आकडा लहान दिसतो. पुढच्या महिन्यात 'पेमेंट मिळाले, धन्यवाद' असा मेसेज येतो. डोक्यात काम झाल्याची खूण पडते आणि विषय संपतो. वर्षभराने कर्जाचा अर्ज नाकारला जातो तेव्हा स्टेटमेंट पहिल्यांदा उघडलं जातं.

ढोबळ हिशेब बघा. थकबाकी ४०,०००. किमान रक्कम ५ टक्के धरली तर २,००० गेले. महिन्याला ३.५ टक्के दराने व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, एकूण १,६५२. म्हणजे भरलेल्या दोन हजारांतून मुद्दल कमी झालं अवघं ३४८. खरी मेख पुढे आहे. पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या ३,०००च्या किराण्यावर आजपासूनच व्याज लागतं, आणि किराणा तर कार्डावरच चालू असतो. त्यामुळे थकबाकी कमी होण्याऐवजी चढत जाते.

दुरुस्ती अशी. बाकी लहान असेल तर ऑटो-डेबिट उघडून 'पूर्ण रक्कम' करा. पण बाकी मोठी असेल तर तेवढे पैसे खात्यात नसतील आणि डेबिट परत जाऊन बँक वेगळा दंड लावेल. तेव्हा आधी कार्ड वापरणं पूर्ण थांबवा, सगळी दुकानं आणि ॲपमधून ते काढा आणि बँकेकडे बाकी हप्त्यांत बदलून मागा. तो दरही फुकट नसतो, प्रक्रिया शुल्कही लागतं, तरी सहसा ३.५ टक्क्यांपेक्षा बराच खाली येतो. बाकी फिटली की 'पूर्ण' लावा. शिवाय बिलाची तारीख बदलून मागा. निदान एकदा तरी ती बदलायची सोय बँकेने द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे भरायची शेवटची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी येईल असं बघा. महिनाअखेरीला खात्यात काही उरेल या आशेवर राहू नका.

दरवर्षी येणारा 'अचानक' खर्च

गाडीचा विमा, जूनमधली फी, गणपतीला गावी जाणं, दिवाळी. तारखा ठरलेल्या असतात, पण या मेंदूला वेळ दोनच कळतात, 'आत्ता' आणि 'आत्ता नाही'. वर्षाची बेरीज करा, बाराने भागा. ६०,००० असतील तर महिन्याला ५,०००, वेगळ्या खात्यात, यूपीआय न जोडता. यासाठी आवर्ती ठेव नको, खर्च मुदतीची वाट बघत नाहीत.

किरकोळ, पण नेहमीच्या

एखाद्या ॲपची फुकट चाचणी (फ्री ट्रायल) घेतलीत? त्याच मिनिटाला रद्द करा, सेवा सहसा मुदत संपेपर्यंत चालते. 'ऑटोपेमध्ये (दर वेळी आपोआप कापले जाणारे पैसे) १५,००० पर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय जाते, पण आदल्या दिवशी मेसेज येतो' यावर विसंबू नका, तो मेसेज कोणी वाचत नाही. यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी तीन महिन्यांतून एकदा उघडा.

नवा छंद लागला की पहिल्या महिन्यात काही विकत घेऊ नका. गिटार उसनी मिळते, सायकल भाड्याने मिळते.

विनाव्याज हप्त्यातही बहुतेकदा प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी असतो.

नवऱ्याला किंवा बायकोला पोलीस करू नका, चोऱ्या वाढतात. शनिवारी चहा घेऊन दोघं वीस मिनिटं शेजारी बसा, ज्याचं त्याचं स्टेटमेंट ज्याच्या त्याच्या हातात. नुसतं कोणी शेजारी असलं तरी काम पुढे सरकतं.

आठवण फोनवर लावाल तर चौथ्या दिवसापासून न वाचताच बंद कराल. आठवड्याचा आकडा कागदावर लिहून चहाच्या डब्यावर चिकटवा.

मधले दोन आठवडे बुडाले तर मागच्या नोंदी भरत बसू नका आणि एक तारखेची वाटही बघू नका. दुसऱ्या खात्यात आज जे आहे ते डब्यावरच्या कागदावर लिहा. येत्या सोमवारी पुढचे ३,००० येतीलच.