प्रभूच्या येण्याची तयारी करताना या चुका टाळा

कुठे युद्ध पेटले, भूकंप झाला किंवा साथ पसरली की विश्वासणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेवटच्या काळाचे, म्हणजे प्रभू येशू परत येण्याची वेळ झाली असे सांगणारे, संदेश फिरू लागतात. वाचणारा आठवडाभर हादरलेला असतो. उपास करतो, रात्री उठून प्रार्थना करतो, आणि महिनाभरात सगळे पुन्हा पहिल्यासारखे. असे वारंवार होत असेल, तर तयारीच्या नावाखाली आपण दुसरेच काहीतरी करतो आहोत, एवढे नक्की.

तारीख काढत बसणे

तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हे येशूनेच सांगितले (मत्तय 24:36). तरी हिशेब थांबत नाहीत. अमेरिकेत उपदेशक विल्यम मिलर यांनी दानीएलाच्या पुस्तकातील 2300 दिवसांवरून गणित मांडले आणि त्यांच्या चळवळीने अखेर 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. काहींनी शेतातले पीकसुद्धा काढले नाही. तो दिवस इतिहासात ‘महानिराशा’ म्हणून नोंदला गेला. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून 21 मे 2011 ही तारीख दिली, ती टळल्यावर 21 ऑक्टोबर दिली, आणि पुढच्या वर्षी चूक जाहीरपणे मान्य केली.

हल्ली बहुतेक जण उघड तारीख देत नाहीत. ‘याच दोन-तीन वर्षांत’ असे म्हणतात. गणित तेच, फक्त पळवाट मोकळी ठेवलेली. असा संदेश आला की एकच तपासा: उद्या सकाळी मी वेगळे काय करावे, असे तो सांगतो का? ‘पुढे पाठवा’ याखेरीज त्यात काही नसेल, तर तो पुसून टाकायला हरकत नाही.

प्रत्येक बातमीला वचन जोडणे

लढायांविषयी ऐकाल तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, या सगळ्या वेदनांचा आरंभ आहे, असे मत्तय 24:6-8 मध्ये आहे. म्हणजे ज्या गोष्टी दाखवून आज घाबरवले जाते, नेमक्या त्यांच्याच बाबतीत प्रभूने धीर दिला आहे.

666 चेही तसेच. बारकोड, कार्ड, लस, जे नवे येईल त्यावर ही संख्या चिकटवली गेली. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात त्या संख्येची खूण श्वापदाच्या, म्हणजे देवाला विरोध करणाऱ्या सत्तेच्या, उपासनेशी बांधलेली आहे. निष्ठा कोणाला वाहिली, हा तिथला प्रश्न आहे. नकळत, फसवणुकीने कोणाच्या हातावर ती उमटेल, असे तिथे म्हटलेले नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, उभे असलेल्यांच्या कपाळावर त्याचे व त्याच्या पित्याचे नाव लिहिलेले दिसते. 666 तोंडपाठ असलेल्या किती जणांना हे वचन आठवते?

कामधंदा, शिक्षण, देणी वाऱ्यावर सोडणे

प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच, या बोलण्याने थेस्सलनीकाची मंडळी गोंधळली होती, आणि तिथे काही जण काम न करता दुसऱ्यांच्या कामात लुडबुड करत होते. काम करायचे नसेल तर खाऊही नये, हे प्रेषित पौलाचे खडे बोल त्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातच आहेत (2 थेस्सलनीका 3:10).

19 मे 1780 रोजी अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये भरदिवसा काळोख दाटला. न्यायाचा दिवस आला, असे पुष्कळांना वाटले. कनेक्टिकटच्या सभागृहात कामकाज थांबवण्याची सूचना आली, तेव्हा सदस्य अब्राहम डॅव्हेनपोर्ट म्हणाले की तो दिवस आला नसेल तर थांबायचे कारण नाही, आणि आला असेल तर आपण कर्तव्य करताना सापडलेले बरे, मेणबत्त्या आणा. तयारीवरच्या कित्येक लांबलचक संदेशांपेक्षा मला हे उत्तर अधिक शास्त्राला धरून वाटते.

दुसऱ्याच्या तेलावर विसंबणे

दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यात (मत्तय 25) एक गोष्ट सहज निसटते: नवरदेवाला यायला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या, शहाण्याही. झोपेबद्दल कोणालाच बोल लावलेला नाही. फरक पडला तो दिव्यांसाठी सोबत घेतलेल्या तेलाने, आणि ते ऐनवेळी मागून मिळाले नाही. आईच्या प्रार्थना, पाळकांचा उपदेश, तरुणपणी घेतलेला बाप्तिस्मा, यांच्या जोरावर आपले निभेल असे वाटत असेल, तर स्वतःला साधे प्रश्न विचारा. कोणी बघत नसताना वचन उघडतो का? ज्या पापाचे नाव आपल्याला पक्के ठाऊक आहे, त्याचा पश्चात्ताप किती दिवस पुढे ढकलला? कोणाशी समेट राहिला आहे? हे तेल रोज थोडे थोडे भरावे लागते.

घरच्यांशी कठोर होणे

ही चूक सर्वांत कमी बोलली जाते. मत्तय 24:48-49 मधला दुष्ट दास ‘धनी उशीर लावत आहे’ असे मनात म्हणतो आणि सोबतीच्या दासांना मारू लागतो. आपण ‘प्रभू लवकर येणार’ असे गात असू, पण घरात आणि कामावर हाताखालच्या माणसांशी तसेच वागत असू, तर धनी दूर आहे हेच आपण धरून चाललो आहोत.

विश्वासणारे शेवटच्या संकटकाळाच्या आधी प्रभूकडे वर उचलले जाणार की नंतर, यावर मंडळी फोडू नये. आणि वैतागून मंडळीत जाणेही सोडू नये. तो दिवस जवळ येताना पाहाल तसतसे अधिक एकत्र या, असे इब्री 10:25 सांगते.

भीती जातच नसेल तर

काही दिवस शेवटच्या काळावरचे व्हिडिओ बंद ठेवा. 1 थेस्सलनीका 4:13-18 सावकाश वाचा; ते मृतांसाठी शोक करणाऱ्यांना लिहिलेले आहे आणि एकमेकांचे सांत्वन करा, असे सांगून थांबते. मग 1 पेत्र 4:7-10 घ्या. ‘शेवट जवळ आहे’ असे म्हणून पेत्र लगेच प्रार्थना, एकमेकांवर प्रीती, कुरकुर न करता पाहुणचार आणि मिळालेल्या दानाने सेवा, एवढी कामे सांगतो. यातले एक या आठवड्यात करा. तरीही झोप उडालेली असेल, छातीत धडधडत असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. तसे करण्यात विश्वासाची उणीव नाही.