अळंबी ओळखताना या चुका टाळा: देठ तोडू नका, मुळापासून खणा

आषाढ-श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की कोकणात आणि गोव्यात वारुळांभोवती अळंबी उगवते. जाणती माणसं तिच्या ठरलेल्या जागा वर्षानुवर्षं सांभाळतात आणि शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. गोंधळ होतो तो नवख्यांचा, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने: वरची छत्री बघायची, देठ तोडायचा आणि घरी आणायचं.

ही अळंबी म्हणजे टर्मिटोमायसेस. वाळवी वारुळात पालापाचोळ्याच्या चोथ्यावर जी बुरशी पोसते, तिचंच हे फळ. म्हणून तिचा देठ जमिनीपाशी संपत नाही. तो मुळासारखा निमुळता होत खाली वारुळापर्यंत जातो, कधी हातभर खोल. देठ ओढलात तर हा भाग तुटून मातीत राहतो आणि ओळखीची मुख्य खूणच हातची जाते. कोयत्याच्या टोकाने किंवा काठीने बाजूची माती हलकेच उकरा. एकच अळंबी अशी काढून बघितली तरी पुरे; सगळं वारूळ फोडलंत तर पुढच्या वर्षी तिथे काही मिळायचं नाही.

खणायचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. अमानिटा जातीच्या विषारी छत्र्यांच्या देठाच्या बुडाशी पांढऱ्या पिशवीसारखं आवरण असतं आणि ते बऱ्याचदा मातीत दडलेलं असतं. देठावर बहुधा कडीही असते, पण ती पावसात गळून पडू शकते. बुडाशी पिशवी किंवा फुगीर गाठ दिसली तर ती छत्री टाकून द्या. भाताच्या पेंढ्यावरच्या खाण्याजोग्या अळंबीलाही पिशवी असते, हे खरं. पण नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

उलट चूकही होते. लांब मूळ दिसलं की झालं, असं नाही. जमिनीत पुरलेल्या लाकडावर वाढणाऱ्या काही छत्र्यांनाही तसंच मूळ असतं. खाली वारूळ, टोपीच्या मध्यावर टणक टोक, टोपीखालची, देठाला न चिकटलेली पाती आणि गुलाबीसर बीजाणू (पात्यांतून झडणारी बारीक भुकटी), हे सगळं एकत्र जुळायला हवं.

बीजाणूंचा रंग बघायला टोपी कापून, पाती खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर सोडा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असेल तर फिकट रंगही दिसतो. ठसा हिरवट आला तर ती क्लोरोफायलम, गवतात आणि अंगणात उगवणारी मोठी छत्री. कोवळी असताना तिची पाती पांढरीच असतात, म्हणूनच ती फसवते. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. ठसा शुभ्र आला तर खाऊ नका. आणि न उमललेली बोंडं? त्यांची ना पाती दिसतात, ना ठसा निघतो. ती नकोतच.

आता स्वयंपाकघरातल्या परीक्षा. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसणीचा रंग बदलला नाही, गोगलगायीने कुरतडलंय, चव कडू नाही. यातल्या एकाही गोष्टीला अर्थ नाही. अमानिटातलं अमाटॉक्सिन हे विष उकळून, वाळवून किंवा आमसूल-चिंच घालून जात नाही.

पिशवीत सरमिसळ करू नका. एक चुकीची छत्री चुरगळून सगळ्यांत मिसळली की निवडून काढता येत नाही. प्लॅस्टिकऐवजी टोपली किंवा पानं वापरा, कारण बंद पिशवीत चांगली अळंबीही घामेजून कुजते. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय काही तोडणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तिथे हात लावू नका.

शिजवण्याआधी एक अख्खी अळंबी बाजूला काढून फ्रिजमध्ये कागदात गुंडाळून ठेवा. अमाटॉक्सिनचा त्रास साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतो. तोवर लोक अळंबीला विसरून दुसऱ्याच पदार्थाला दोष देतात. मग उलट्या-जुलाब थांबतात, माणूस बरा वाटतो, आणि आत यकृत निकामी होत जातं. म्हणून उलट्या थांबल्या तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा, ती ठेवलेली अळंबी सोबत न्या आणि जेवणानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला, हे डॉक्टरांना आधी सांगा. त्याच भाजीतून खाल्लेल्या बाकीच्यांनाही, त्रास नसला तरी, घेऊन जा.