बोंडलं माळ्यावर टाकलं त्याची गोष्ट, आणि भरवायची रीत

दोन मुलं आणि चार भाचरं मी बोंडल्यानं, म्हणजे बाळाला पाजायच्या चोचीच्या भांड्यानं, पाजून वाढवली. पाय लांब करून बसायचं, बाळाला पायांवर उताणं घ्यायचं आणि पेज घशाकडे सोडायची. कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. नातवाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणं) आहे हे कळल्यावरही मी तेच केलं, आणि एका वर्षात त्याला दोनदा न्यूमोनिया झाला. पेज श्वासनलिकेत उतरत होती. मूल उताणं, मान मागे, वरून धार. गिळायची तयारी व्हायच्या आत घास घशात. माझ्याच हातानं झालं ते.

आता नातू साडेचार वर्षांचा आहे. सून हिंजवडीला जाते, त्यामुळे दुपारचं जेवण माझ्याकडे. थेरपिस्टबाईंनी शिकवलेलं आणि रोज करून हाताला बसलेलं सांगते. पण प्रत्येक मुलाचं तोंड वेगळं, म्हणून आधी तुमच्या मुलाचं गिळणं जाणकाराकडून तपासून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ बसवण्यात जातो, आणि जाऊ द्यावा. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, मांड्या आणि गुडघे काटकोनात, दोन्ही कुशींना टॉवेलच्या गुंडाळ्या. तळपाय टेकलेले हवेतच. आमच्या खुर्चीला पायपाट नव्हता, म्हणून रद्दीचे गठ्ठे चिकटपट्टीनं बांधून खाली ठेवले. पाय लोंबकळले की त्याचं अंग ताठतं, मान मागे जाते आणि तोंड आ वासतं. हनुवटी किंचित छातीकडे हवी. मी समोर बुटक्या स्टुलावर बसते, माझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. उभं राहून भरवलं तर तो वर बघणार, म्हणजे पुन्हा तीच मान. चिऊ-काऊचे घास आमच्याकडे अजून आहेत, पण खिडकीतला काऊ बंद! कागदाचा कावळा कापून ताटलीशेजारी चिकटवला आहे.

चमचा उथळ आणि पसरट घ्या. स्टीलचा नको. नातवाला तोंडात काही लागलं की दात करकचून मिटायची उबळ येते, आणि स्टीलवर दात दुखतात. पातळ प्लॅस्टिक तर तुटतंच. जाड, बोथट कडेचा चमचा घ्या. अर्धाच भरा. समोरून सरळ आणा, खालच्या ओठाला टेकवा आणि तोंड उघडेपर्यंत थांबा. मग जिभेच्या मध्यावर हलकेच खाली दाबा. त्यानं जीभ घास बाहेर ढकलत नाही. आता पुन्हा थांबा. वरचा ओठ खाली येऊन घास ओढून घेईल. आमच्याकडे हे यायला कित्येक महिने लागले. तोवर माझा हात सवयीनं वर जायचा आणि घास वरच्या दातांवर पुसून यायचा. तसं केलं की ओठाला कामच उरत नाही. चमचा दातांत अडकला तर ओढू नका, ओढल्यानं पकड घट्ट होते. हात स्थिर ठेवा, सुटेल.

जबडा सैल पडत असेल तर अंगठा हनुवटीवर, तर्जनी जबड्याच्या कडेनं आणि मधलं बोट हनुवटीखाली ठेवून आधार देता येतो. हे मात्र वाचून करू नका, समोर बसून शिकून घ्या.

स्वयंपाकात माझं खरं शस्त्र पुरणयंत्र. मिक्सरमध्ये भात चिकट होतो आणि टाळूला बसतो. पुरणयंत्रातून मऊ वरणभात, दुधी, लाल भोपळा सगळं एकसारखं, बिनगाठीचं निघतं. पातळ वरणात मोकळी शितं सगळ्यात वाईट, कारण पाणी पुढे पळतं आणि शीत मागे राहतं. खाणं-पिणं किती दाट-पातळ हे सांगणारं आयडीडीएसआय नावाचं ० ते ७ अशा आठ पायऱ्यांचं मोजमाप आहे, आमची पायरी ४. काट्यावर घेतलं तर ढीग राहावा, फटींतून धार लागू नये. चमचा तिरका केला की गोळा सुटून पडावा. पोहे आणि साबुदाण्याची खिचडी आमच्याकडे वर्ज्य. पुरण मात्र दूध घालून सैल केलं की उत्तम. घास थोडेच जातात, म्हणून प्रत्येकात तूप जिरवते.

पाणी सगळ्यात अवघड, ते घशात धावतं. दाट करायचं का आणि किती, हे थेरपिस्टला विचारा. प्लॅस्टिकच्या पेल्याला नाकापुरती खाच कापून कड घासून गुळगुळीत केली आहे. त्यामुळे पेला कलला तरी डोकं मागे न्यावं लागत नाही.

अर्ध्या तासाच्या वर जेवण लांबवत नाही, नंतर तो दमतो आणि गिळणं ढिसाळ होतं. शिट्ट्या, फुंकर, गालांना कंप देणारी यंत्रं असं बरंच काही लोक सुचवतात. करा हवं तर, पण खाणं सुधारतं ते खाण्याच्या सरावानं, असं माझं मत झालं आहे.

ठसका, डोळ्यांत पाणी, आवाज ओलसर घरघरता होणं, मधूनमधून ताप, वजन न वाढणं यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. ठसका येत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. काही मुलांचं अन्न चुपचाप चुकीच्या वाटेनं जातं. बेरियम मिसळलेला घास गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ काढला की ते दिसतं. अन्न देण्यासाठी कुणी पोटातून नळी घालायला सुचवलं तर रडू नका. नळी असूनही चवीपुरता घास देता येईल का, तेवढं विचारा. थेरपीचा खर्च जड जात असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण आहे.

जेवण झालं की अर्धा तास त्याला आडवं करत नाही. मऊ ब्रशनं तोंड साफ करते. बोट घालू नका, दात मिटले तर सुटणार नाही. गाल आणि टाळू नीट बघा. एकदा दुपारी चारला आमच्या टाळूवर सकाळी नऊचं केळं सापडलं होतं.