आगोटीच्या तयारीत आधी डोंगर पाहावा: सह्याद्रीतील दुर्गम वाड्यांसाठी सल्ला

मृग लागण्यापूर्वी डोंगराळ भागातील वाड्यांवर लाकूडफाटा, मसाला, सुकी मासळी अशी आगोटीची तयारी सुरू असते. त्याच दिवसांत वाडीच्या वरच्या अंगाचा उतार जाणत्या माणसांसह पायी फिरून पाहावा, असा आमचा कळकळीचा आग्रह आहे. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही ठिकाणी दरड कोसळली ती जुलैच्या उत्तरार्धात, म्हणजे जमीन पुरती भिजून जड झालेली असताना.

उतारावर चंद्रकोरीसारखी आडवी भेग पडली आहे का, झाडे किंवा विजेचे खांब एकाच दिशेला कलले आहेत का, हे पाहावे. भेग आढळल्यास तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांमधील अंतर मोजून ठेवावे, दर आठवड्याला पुन्हा मोजावे आणि ते वाढत असल्यास तहसील कार्यालयाला लेखी कळवावे. भेग चिकणमातीने बुजवून वरचे पाणी बाजूच्या खडकाळ ओहोळाकडे वळवावे. पाणी मुरवण्यासाठी खणले जाणारे समपातळी चर एरवी उपयोगाचे असले, तरी भेगाळलेल्या उतारावर ते घेऊ नयेत, तसेच खाचर वाढवण्यासाठी उताराचा पायथा जेसीबीने तोडू नये.

पाऊस मोजण्यासाठी सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवावा. हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांतील २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस सर्वांत वरच्या श्रेणीत मोडतो. डब्यात ते पाणी जवळपास वीतभर भरते. मात्र त्या खुणेची वाट पाहत बसू नये. नितळ झरा एकाएकी गढूळला किंवा आटला, दाराची चौकट अडकू लागली, तर पाऊस कमी असला तरी दिवस असतानाच घर सोडावे.

रस्ता तुटला तरी चूल पेटती राहावी, एवढी बेगमी घरात हवी. भातापेक्षा नाचणीला कीड कमी लागते, म्हणून ती नीट वाळवून, शेणाने सारवलेल्या कणगीत, जमिनीपासून उंच ठेवावी. भाताचे बियाणे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकावे, तरंगणारे पोचट दाणे काढून बाकीचे स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवावे. सगळे बियाणे एकाच ठिकाणी पेरू नये. तरवा (लावणीसाठीची भाताची रोपे) दोन वेगळ्या जागी करावा आणि थोडी नाचणी व वरी बियाण्यासाठी राखून ठेवावी, कारण पहिला तरवा वाहून गेल्यास वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर तीच हाताशी असते.

पेंढा बांबूच्या माचावर रचावा. धोक्याच्या रात्री गुरांची दावी सैल, एका ओढीत सुटतील अशी बांधावीत, आणि गोठा उताराच्या कुशीत असेल तर पावसाळ्यापुरता तो मोकळ्या सपाटीवर हलवावा.