हिवाळी बाग: आधी डिसेंबरचं ऊन शोधा, मग नर्सरीत जा

हिवाळी फुलबागेच्या यादीची सुरुवात रोपांनी करायची नाही. सुरुवात उन्हाने करायची, आणि तेही डिसेंबरच्या उन्हाने. मागच्या हिवाळ्यात नेमकं हेच राहिलं होतं. माती, बी, खत सगळं वेळेवर झालं, पण कुंड्या मांडल्या त्या सप्टेंबरचं ऊन बघून. डिसेंबरात अर्ध्या गच्चीवर सावली आली आणि पेटुनियाला फुलांऐवजी नुसते लांबुळके दांडे.

पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. 23 सप्टेंबरच्या सुमारास तो दुपारी 71 अंशांवर चढतो, 21-22 डिसेंबरला जेमतेम 48 अंशांवर. म्हणजे गच्चीच्या दक्षिण कठड्याची उंची 3 फूट असेल, तर सप्टेंबरात त्याची दुपारची सावली फुटभर पडते आणि डिसेंबरात पावणेतीन फूट. दक्षिणेला दहा मजली इमारत असेल तर विचारूच नका. डिसेंबरात सूर्य उगवतोही पूर्वेच्या 25 अंश दक्षिणेला, त्यामुळे पूर्वेच्या गॅलरीतलं सकाळचं ऊनही तिरपं होऊन लवकर सरतं. उत्तरेच्या गॅलरीत तर या दिवसांत ऊन येतच नाही. मे महिन्यात येत होतं, हा युक्तिवाद करू नका.

सप्टेंबरातच मोजायचं ते असं. कुंडी जिथे ठेवायची तिथे, रोपाच्या उंचीला डोळे आणून दक्षिणेकडे तोंड करून बसा. हात सरळ ताणून मूठ वळा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. क्षितिजाच्या पातळीपासून एकावर एक मुठी मोजत जा. समोरची इमारत, झाड, पाण्याची टाकी जे काही असेल ते पाच मुठींच्या वर जात असेल, तर त्या जागेला दुपारचं ऊन मिळणार नाही. नागपूरकरांनी साडेचार मुठी धरायच्या. असंच आग्नेय आणि नैऋत्य दिशांनाही बघा, तिकडे सूर्य आणखी खाली असतो. वटपौर्णिमेचा चंद्रही साधारण डिसेंबरच्या सूर्याच्याच वाटेने जातो, ढगांनी कृपा केली तर तेव्हाच बघून ठेवता येईल.

मग जागेचे तीन भाग पाडा: पाच-सहा तास ऊन, तीन तास ऊन, आणि बाकी. हे कागदावर लिहा. डोक्यात ठेवलेलं नर्सरीच्या दारात विसरायला होतं.

पाच-सहा तासांच्या जागेत पेटुनिया, फ्लॉक्स, डायँथस, कॅलेंड्युला, डेलिया, शेवंती, गुलाब. झेंडू आहेच. तीन तासांत पॅन्झी, बेगोनिया, फारतर साल्व्हिया. पॅन्झी पुण्यात नोव्हेंबरअखेरीआधी आणू नका, दुपारच्या उकाड्यात ती बसते. बाकीच्या जागेत फुलांचा हट्ट सोडा. सिंगोनियम, अग्लोनिमा, नेचे लावा, हिरवंही छान दिसतं. मुंबई-कोकणात स्वीट पी आणि लार्कस्परवर पैसे घालवू नका, त्यांना लागणारी थंडी तिथे पडत नाही. नाशिक-निफाडकडे आणि विदर्भात ती उत्तम येतात.

मांडणीतही तेच ऊन. सूर्य दक्षिणेला म्हणून उंच झाडं उत्तरेच्या बाजूला: हॉलिहॉक 5-6 फूट, त्याच्या पुढे डेलिया, मग डायँथस, अगदी पुढे ॲलिसमची पांढरी किनार. उलटं केलंत तर बुटकी रोपं महिनाभर हॉलिहॉकच्या सावलीत बसतील. दक्षिण कठड्याला टेकवून कुंड्या ठेवायची सवय असेल तर ती मोडा, किंवा कुंड्या दीड फूट उंच स्टँडवर चढवा. गच्चीच्या उत्तर बाजूची, दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत ही हिवाळ्यातली सगळ्यात श्रीमंत जागा, तिथे दिवसभर ऊन खेळतं. पॅन्झीची फुलं उजेडाकडे तोंड करतात, म्हणून तुम्ही दक्षिणेच्या बाजूने बघत असाल अशीच ठेवा, नाहीतर खिडकीतून फुलांच्या पाठी दिसतात.

आता वेळा. बी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पावसाचा जोर ओसरल्यावर. पेटुनियाचं बी धुळीसारखं असतं, एका ग्रॅममध्ये हजारो दाणे. मूठभर बारीक कोरड्या वाळूत मिसळून पसरा आणि वर माती अजिबात टाकू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. पाणी झारीने घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जाईल; ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या. फ्लॉक्सचं बी मात्र झाकावं लागतं. स्वीट पी रात्रभर भिजवून पेरा. रोपं बुडाशी काळी पडून कोलमडायला लागली तर बहुधा पाणी जास्त होऊन बुरशी लागलीय.

माती: दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. नॅस्टर्शियमला शेणखत देऊ नका, पानंच पानं येतात.

रोपं चार-सहा इंचांची झाली की पेटुनिया आणि डायँथसचे शेंडे खुडा. हात कचरतो, तरी खुडा, फुटवे त्यानेच येतात. 10 इंची कुंडीत पेटुनियाचं एकच रोप. तीन लावली की तिन्ही मरगळतात. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या कोंबाच्या) थोडं वर, तिरका काप; फुलं दीड-दोन महिन्यांनी. संक्रांतवेल आणि कुंद यांना ऑक्टोबरात कात्री लावायची नाही. त्यांची छाटणी बहर संपल्यावर, आत्ता कापलंत तर यंदाची फुलंच कापाल.

रोपं विकत घेणार असाल तर फुललेलं रोप उचलू नका. बुटकं, जाड दांड्याचं, कळी नसलेलं घ्या. पिशवीतच फुललेल्या रोपाने आपली निम्मी ताकद तिथेच खर्च केलेली असते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात मोह होणारच, पण ती बहरलेली कुंडी घरी तीन-चार आठवडेच टिकेल हे धरून घ्या. आणि घेण्याआधी खिशातला तो कागद काढा. कुठल्या जागेसाठी घेतोय? तिथे डिसेंबरात किती तास ऊन? उत्तर नसेल तर परत ठेवा.

उन्हाचीच उलटी बाजू: शेवंती, पॉइन्सेटिया आणि कलांचो यांना लांब, सलग अंधार लागतो, तरच कळ्या धरतात. जिन्यातला दिवा किंवा रस्त्याचा खांब रात्रभर त्यांच्यावर पडत असेल तर झाड हिरवंगार राहील आणि फूल एक नाही. संध्याकाळी सहाला खोका पालथा घाला, सकाळी काढा, किंवा सरळ जागा बदला.

पुढचं थोडक्यात. पाणी सकाळीच, संध्याकाळी नाही, गुलाब-डेलियावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. शेवंतीच्या शेंड्यावर मावा दिसला की लिटरमागे 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, उन्हं उतरल्यावर फवारा. डेलियाला काठीचा आधार लावतानाच द्या, मागाहून खुपसलीत तर कंदात घुसेल. सुकलेली फुलं खुडत राहा. खत पंधरा दिवसांनी, पातळ. फेब्रुवारी सरता पेटुनिया थकली की काढून टाका, तिची सेवा करत बसू नका.

आणि 22 डिसेंबरला दुपारी साडेबाराला गच्चीवर जाऊन कठड्याच्या सावलीची कड जमिनीवर आखून ठेवा. ऑइलपेंटने. खडूची रेघ पावसात धुऊन जाते, आणि ती लागणार आहे सप्टेंबरात.