डॉलरचा जुना दर शोधायचा कसा आणि धरायचा कुठला

जुलै उजाडला की हिंजवडी-खराडीच्या नोकरदारांपुढे हा प्रश्न हमखास येतो. परदेशी कंपनीचे शेअर विकले, थोडा लाभांश आला, आता डॉलर किती रुपयांचा धरायचा? गुगलवर आकडा क्षणात मिळतो, पण विवरणपत्रात तो चालत नाही. एका तारखेला एकच दर नसतोच मुळी. बँकांच्या आपसातल्या बाजारातला दर वेगळा, बँक तुमच्या खात्यात आलेले डॉलर घेते तो वेगळा, हातातल्या नोटा घेते तो आणखी वेगळा. म्हणून दर कशासाठी हवा ते आधी ठरवा, आकडा मग शोधा.

प्राप्तिकरासाठी

इथे लागतो स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे परदेशातून खात्यात आलेले डॉलर (टेलिग्राफिक ट्रान्सफर) बँक ज्या दराने विकत घेते तो दर. १९६२ च्या आयकर नियमांतला नियम ११५ तसे सांगतो. (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू आहे, त्यानंतरच्या उत्पन्नासाठी नियमाचा क्रमांक नव्याने तपासा.) बहुतेकांची गल्लत होते ती तारखेत. पगार, लाभांश आणि भांडवली नफा यांना आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर लागतो. म्हणजे १४ ऑगस्टला शेअर विकले तर दर ३१ जुलैचा. परदेशी बँकेतल्या ठेवीवरचे व्याज इतर उत्पन्नात धरले तर ३१ मार्चचा. परदेशात कापलेला कर फॉर्म ६७ मध्ये दाखवताना कर कापला त्याच्या आदल्या महिनाअखेरचा. परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे शेड्यूल एफए, मात्र जानेवारी ते डिसेंबर या वर्षावर चालतो: सर्वोच्च शिल्लक त्या दिवशीच्या दराने, अखेरची शिल्लक ३१ डिसेंबरच्या दराने. एकाच खात्याला एकाच विवरणपत्रात तीन-चार दर लागणे यात काही चूक नाही. सगळीकडे एकच दर टाकला असेल तर मात्र शंका घ्या. शेअरची खरेदी किंमत कुठल्या तारखेच्या दराने धरायची यावर सीएंमध्येही दोन मते आहेत. जी पद्धत धराल ती दरवर्षी तीच ठेवा.

स्टेट बँकेच्या दरपत्रकात टीटी, बिल, ट्रॅव्हल कार्ड आणि नोटा असे वेगवेगळे रकाने असतात, प्रत्येकात खरेदी आणि विक्री. तुम्हाला हवा ‘टीटी बाय’. घाईत शेजारचा ‘टीटी सेल’ उचलला जातो आणि उत्पन्न उगाच फुगते. येनचा दर १०० येनला असतो हे विसरलात तर उत्तर शंभरपट चुकेल.

खरी अडचण पुढेच आहे. बँकेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचे पत्रक असते, कालचे शोधायला गेलात तर मिळत नाही. तेव्हा दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पीडीएफ उतरवून ठेवायची सवय लावा. राहून गेले असेल तर सीएकडे विचारा किंवा हौशी मंडळींनी जपलेले संग्रह पाहा. पण नुसत्या तक्त्यावर विसंबू नका, तारीख छापलेली मूळ पीडीएफ मिळवा. सुट्टी आली तर आदल्या कामाच्या दिवसाचा दर घेण्याची रीत आहे. २०२४ ची मार्चअखेर पाहा: ३१ तारखेला रविवार, ३० ला शनिवार, २९ ला गुड फ्रायडे. चलनबाजाराचा शेवटचा दिवस २८ मार्च. असा दर घेतलात तर हिशेबाच्या कागदावर तारीख आणि कारण लिहून ठेवा.

अभ्यासासाठी, लेखासाठी

इथे संदर्भ दर वापरा, म्हणजे बँकांच्या आपसातल्या बाजारावरून रोज काढून जाहीर होणारा दर. तो पूर्वी रिझर्व्ह बँक काढत असे, १० जुलै २०१८ पासून एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था काढते. दीर्घ मालिका हवी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी पुस्तिकेत वार्षिक आणि मासिक सरासरी मिळते. अमेरिकेच्या ‘फ्रेड’ या संग्रहात रुपयाचा रोजचा दर १९७३ पासून आहे, फुकट. दोन्हींच्या वार्षिक सरासऱ्या एकाच तक्त्यात मिसळू नका: आपले वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचे जानेवारी ते डिसेंबर.

सरासरी फसवते तेही पाहा. डॉलरची १९९०-९१ ची सरासरी १७.९४ रुपये, १९९१-९२ ची २४.४७. यावरून रुपया वर्षभर हळूहळू घसरला असे वाटेल. प्रत्यक्षात मोठा धक्का १ आणि ३ जुलै १९९१ या दोन दिवसांत बसला, डॉलर २१ च्या आसपास होता तो २६ च्या जवळ गेला. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात तर सरकारी आणि बाजारी असे दोन दर एकाच वेळी होते. कुठला घेतला ते लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

त्याही मागे

१९४७ साली एक रुपयाला एक डॉलर मिळायचा, हा व्हॉट्सअॅपवरचा आवडता गैरसमज. रुपया तेव्हा पौंडाला बांधलेला होता: रुपयाला १८ पेन्स आणि तेव्हाच्या पौंडाचे पेन्स २४०, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै, दशांशात १३.३३ रुपये. पौंडाचे ४.०३ डॉलर होत. १३.३३ ला ४.०३ ने भागा, एका डॉलरचे ३.३१ रुपये. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड २.८० डॉलरवर उतरला, रुपयाही त्याच्यासोबत उतरला, १३.३३ भागिले २.८०, म्हणजे ४.७६. ६ जून १९६६ ला डॉलर ७.५० झाला आणि पौंड २१ रुपयांचा. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड पुन्हा घसरला तेव्हा मात्र रुपया जागचा हलला नाही, म्हणून पौंड १८ वर आला. हा भागाकार जमला की जुन्या लंडनच्या बिलांचे डॉलरही काढता येतात.

१९६६ बद्दल एका ठिकाणी ३६.५ टक्के आणि दुसरीकडे ५७.५ टक्के वाचलेत तर दोन्ही बरोबर. रुपयाचे डॉलरमधले मोल ३६.५ टक्क्यांनी उतरले. डॉलरची रुपयांतली किंमत ५७.५ टक्क्यांनी चढली.

छापील पुरावा लागत असेल तर जानेवारी १९४७ पासूनचे रिझर्व्ह बँकेचे मासिक बुलेटिन मागा. पुण्यात पहिली विचारणा बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात करा. बाहेरच्यांना प्रवेश कसा मिळतो आणि हवा तो खंड आहे का, हे जाण्याआधीच विचारून घ्या.