किशोरवयीनांच्या आरोग्य चाचणीत संशोधन सहाय्यक म्हणून काम करताना

सांगली जिल्ह्यात किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्यावरील चाचणीत, म्हणजे एखादा कार्यक्रम उपयोगी पडतो का हे तुलना करून पाहणाऱ्या संशोधनात, नव्याने रुजू झालेल्या सहाय्यकाला प्रश्नावली आणि टॅब्लेट ही कामाची मुख्य साधने वाटतात. माझ्या अनुभवानुसार चाचणीचा खरेपणा त्याआधीच्या आणि नंतरच्या दोन गोष्टींवर टिकतो. मुलाने दिलेला होकार खरोखर त्याचा स्वतःचा असला पाहिजे आणि ठरलेल्या मुदतीनंतर तेच मूल पुन्हा भेटले पाहिजे. यातली चूक कार्यालयात बसून कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

गावात जाण्यापूर्वी संशोधन आराखडा स्वतः वाचावा आणि हातातील संमतीपत्र नैतिकता समितीने (संशोधनात सहभागींचे हित जपले जाते का, हे तपासणाऱ्या समितीने) मंजूर केलेल्या आवृत्तीचेच आहे का, हे तारखेसह तपासावे. सरपंच, मुख्याध्यापक, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना भेटावे, परंतु त्यांची परवानगी ही केवळ गावात किंवा शाळेत पाऊल ठेवण्याची परवानगी असते, हे मनाशी पक्के असू द्यावे. एका शाळेत शिक्षकांनी आम्हाला मदत करण्याच्या भावनेने संपूर्ण वर्गाला उभे करून ‘सगळे भाग घेणार आहेत’ असे जाहीर केले होते. त्या दिवशी आम्ही एकही सही घेतली नाही. माहितीपत्रके घरी पाठवली आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकीशी स्वतंत्र बोललो, तेव्हा काही मुलींनी स्पष्ट नकार दिला. तो नकार त्यांच्याजवळ पहिल्या दिवशीही असणार, फक्त तो उच्चारायला जागा नव्हती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 18 वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय 7 ते 12 या वयात मुलाचा तोंडी आणि 12 ते 18 या वयात लेखी होकार घ्यावा लागतो. पालक शेतातून परततात ती संध्याकाळची वेळ निवडावी. वाचता न येणाऱ्या पालकाचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार हजर असावा. वडिलांची सही झाल्यानंतर मुलीला विचारले आणि ती ‘आई म्हणेल तसं’ असे म्हणाली, तर तो होकार समजू नये. माहिती तिच्याच शब्दांत सांगायला लावावी, ‘नाही म्हटलं तर कोणी रागावणार नाही’ हे सांगावे आणि विचार करायला दोन दिवस द्यावेत. त्यानंतरही तिने नकार दिला, तर घरच्यांची सही असूनही काम तिथेच थांबवावे. चाचणी चालू असताना एखाद्याला 18 वर्षे पूर्ण झाली, तर त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते.

गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, झालेली असेल, तर तुलना गटातील गावात, म्हणजे जिथे कार्यक्रम राबवला जात नाही तिथे, ‘आम्हालाच का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. दोन्ही गावांना सारखीच संधी होती आणि निवड कोणाच्या मर्जीने झालेली नाही, हे शांतपणे सांगावे. मात्र वाईट वाटून तिथे कार्यक्रमाच्या सत्रांची पत्रके वाटू नयेत. दोन गावांची मुले एकाच हायस्कूलमध्ये जात असल्याने माहिती इकडून तिकडे गेली असेल, तर तशी नोंद करावी. ती लपवल्यास निष्कर्ष चुकतो.

मुलाखत आईला दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी घ्यावी. प्रश्न लिहिला आहे तसाच वाचावा. एखादा शब्द मुलांना कळत नसेल, तर जागेवर बदलू नये, त्याच संध्याकाळी कार्यालयाला कळवावे. जतच्या पूर्व भागातील काही घरांत कन्नड बोलली जाते, तिथे शेजारणीला दुभाषी करण्याचा मोह टाळावा आणि भाषा येणारा सहकारी पाठवावा. गोपनीयतेची ग्वाही देताना तिची मर्यादाही आधीच सांगावी, कारण 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 प्रमाणे बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. असे काही समोर आले, किंवा मुलाने जीव नकोसा झाल्याचे सांगितले, तर प्रश्नावली बाजूला ठेवावी, त्याला एकटे सोडू नये आणि मुख्य संशोधकांना तत्काळ फोन करावा. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हे क्रमांक प्रत्येक घरी लिहून द्यावेत, म्हणजे कोणा एकावर बोट ठेवल्यासारखे होत नाही.

मोजमापाची रीत प्रशिक्षणात शिकवतात. उंची घेताना अंबाडा सोडायला सांगणे आणि हिमोग्लोबिनसाठी बोट न पिळणे, एवढे विसरू नये. कागदावर चूक झाल्यास एक रेघ मारून सही व तारीख घालावी. राहून गेलेले उत्तर रात्री आठवून भरू नये.

पुनर्भेटीची तयारी पहिल्याच भेटीत करावी लागते. वाळवा आणि पलूसच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामाला आलेली कुटुंबे हंगाम संपताच गावी परततात, जतमधील अनेक घरे ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यवसायातील कुटुंबे सोने-चांदी गाळण्यासाठी दूरच्या राज्यांत जातात. म्हणून घरच्या फोनबरोबर मामा, आत्या किंवा शेजारी अशा दोघांचे क्रमांक संमतीने घ्यावेत आणि कुटुंब गावात कोणत्या महिन्यांत असते ते विचारावे. दहावी-बारावीच्या मुलांच्या भेटी फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवू नयेत. नातेवाइकाला फोन करताना चाचणीचा विषय सांगू नये, केवळ स्वतःचे नाव आणि निरोप द्यावा. मुलगी लग्न होऊन गेल्याचे कळले, तर तिच्या सासरी थेट जाऊन उभे राहू नये. तिचे वय तपासून पुढचे पाऊल मुख्य संशोधकांना विचारूनच टाकावे. भेट झालीच नाही, तर ‘नकार’ असे न लिहिता स्थलांतराची तारीख आणि ठिकाण नोंदवावे, आणि घरी असलेल्या धाकट्या बहिणीला तिच्या जागी बसवू नये.